बाईंना समोर मजकूर हवा होता

टायपिंगच्या बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीत वीस मशिनं एकदम कडकडत होती. त्या आवाजाला कंटाळून गल्लीतल्या चिमण्यांनी बिऱ्हाड हलवलं होतं आणि खालच्या मजल्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायचा. बाई खिडकीशी पाठमोऱ्या बसून रिबन बदलत होत्या. मी भीतभीत एक कळ दाबली, आणि त्या गदारोळातून बाई कडाडल्या, "ए नव्या! करंगळी वापर! तर्जनीनं काय कान कोरतोयस?"

तेव्हापासून मी 'एकबोट्या' झालो, तो आजतागायत.

पुढच्याच आठवड्यात माझा कागद टराटरा फाटला. सरावाच्या पत्रात 'एकतीस जून' अशी तारीख होती. मी शहाणपणा करून तीस केली आणि शाबासकीसाठी मान वर केली.

"साहेब कोण? तू, की पत्र लिहिणारा?"

"पण बाई, जूनला एकतीस तारीखच नसते."

"ते साहेब आणि जून बघून घेतील. टायपिस्टानं मजकुरात नाक खुपसायचं नाही. पाठ सरळ!"

हा नियम त्या घरीही पाळायच्या. त्यांचे यजमान काकुळतीला येऊन सांगायचे, "भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तर म्हणते, कृतीत एवढंच लिहिलंय." ते बिचारे खिशात मिठाची डबी घेऊन जेवायला बसतात, अशी क्लासात वदंता होती.

पुढं टायपिंग पोराटोरांच्या अंगठ्यांत गेलं आणि क्लास ओस पडला. बाई रिकाम्या मशिनांवरची धूळ पुसत बसू लागल्या. तेवढ्यात चौकात फलक लागला: 'कोडिंग शिका, नोकरी पक्की!' फलकावर एक मुलगी कीबोर्डवर हात ठेवून हसत होती.

"बोटं साफ चुकीची ठेवलीत हिनं," बाई म्हणाल्या. "हिला लागते नोकरी, मग मला का नाही?"

खोली सोडून, मशिनं भंगारात घालून त्यांनी त्या बूटकॅम्पची, म्हणजे कोडिंगच्या झटपट क्लासची, फी भरली. फक्त खिडकीजवळचं मशीन तोडू नकोस, असं भंगारवाल्याला बजावलं. पहिल्या पगारात ते परत आणायचं होतं. माझ्या कचेरीतही टेबलं कमी व्हायला लागली होती, म्हणून मीही फी भरली. अशा रीतीनं गुरू आणि शिष्य म्हातारपणाच्या उंबऱ्यावर एका बाकावर आले.

शिकवायला माणूस नव्हता. भिंतीवरच्या व्हिडिओत एक गृहस्थ कोड लिहायचे, तो आपण तसाच उतरवायचा. देखरेखीला कानांवर हेडफोन चढवलेला एक मेंटॉर होता. आम्ही एकेक कंस शोधत असायचो, तोवर बाईंचं पान संपलेलं असायचं, तेही खाली न बघता.

"आंटी, तुम्ही रॉकेट आहात!" मेंटॉर म्हणाला.

"बाई म्हण. आणि पोक काढू नकोस."

मी एकदा हळूच विचारलं, "बाई, याचा अर्थ काय हो?"

"एकबोट्या, तू अजून सुधारला नाहीस."

एका व्हिडिओत एक कंसच राहिला होता. सगळ्या वर्गाचे प्रोग्राम रुसून बसले.

"बाई, इथं कंस टाका," मेंटॉर म्हणाला.

"मुळात नाहीये."

"पण त्याशिवाय चालणारच नाही!"

"मग मूळ लिहिणाऱ्याला कळव."

मेंटॉर पोट धरून हसला आणि बाईंच्या धावत्या बोटांचा व्हिडिओ त्यानं जाहिरातीत टाकला. आपण काय टाइप करतोय ते यांना कळतंय का, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. आमची फी आधीच जमा झाली होती.

शेवटी कंपनीची माणसं परीक्षा घ्यायला आली. बाई कडक इस्त्रीत आल्या होत्या. निकाल लागला की फोन करते, असं यजमानांना सांगून ठेवलं होतं. स्क्रीन उघडला. कोरा. वर एक प्रश्न, खाली लुकलुकणारी एक रेघ.

बाईंनी हात वर केला. "मजकूर कुठाय?"

"मजकूर तुम्हीच लिहायचा, मॅडम."

बाईंनी बोटं आपापल्या जागी ठेवली. करंगळीसुद्धा. पाठ सरळ. वेळ संपेपर्यंत त्या तशाच बसून होत्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या बाजूनं एकाही कळीचा आवाज आला नाही. माझ्या स्क्रीनवर जे उमटलं होतं, त्याला कंपनीवाल्यांनी नावं ठेवायचीही तसदी घेतली नाही.

"पुढच्या बॅचला बसा परत," मेंटॉर म्हणाला, "सवलत देऊ."

जिन्यात बाई कठड्याला धरून थांबल्या. "मजकूर दिला असता ना रे," त्या म्हणाल्या, "तर सगळ्यांच्या आधी संपवला असता."

"हो बाई."

फोन मग मीच केला.

भंगारवाल्यानं बरेच दिवस वाट पाहिली आणि मशीन वजनावर विकून टाकलं. बाई आता डोळ्यांच्या एका दवाखान्यात टोकन देतात. नंबर आधीच छापलेला असतो.