डब्यावर गायब झालेली बाई

"मागची ओळ ठळक घ्या," प्रोड्यूसर फोनवर म्हणाले. सिनेमाच्या डिस्कच्या डब्याचं डिझाइन प्रेसला जायचंच बाकी होतं. ओळ अशी : 'भुताचं काम करणारी बाई शूटिंगनंतर पुन्हा कुणालाच दिसली नाही.'

मी सिनेमांच्या ब्लू-रे डिस्क तयार करण्याचं काम करते. सिनेमा आता फोनवर दिसतो, तरी काही शौकीन डिस्क विकत घेऊन जपतात. त्यांच्यासाठी मोजक्या प्रती निघतात. जाड डबा, पोस्टर आणि 'बोनस', म्हणजे मुलाखती, शूटिंगच्या गमती वगैरे. हा भयपट एका नवख्या दिग्दर्शकाने वरवट बकाल गावात केला होता. बोनससाठी गावाचे शॉट घ्यायला मी तिथे गेले.

रस्त्याकडेच्या वावरात एक बाई मेथी उपटत होती. चेहरा ओळखीचा वाटला.

"मावशी, सिनेमातलं भूत तुम्हीच होता का?"

"हाव, मीच," कमलबाई म्हणाल्या. "पन तुम्ही तं मले मारूनच टाकलं! पोस्टरवर 'ही बाई पुन्हा दिसली नाही' असं वाचून बाहेरगावच्या बाजारात बाया भेऊन राह्यल्या. माह्या हातची भाजी घेत नाहीत."

मी तिथेच कॅमेरा लावला. मेकअप किती खाजवायचा, झाडावरून उतरताना लुगडं कसं अडकलं, सगळं त्यांनी हसत सांगितलं. मग विचारलं, "हे पाहीन कोन? इकडं तं डिस्क लावाचं मशीनच नाही कोनाकडं."

मी तिथूनच प्रोड्यूसरना फोन लावला.

त्यांना म्हटलं, "ती ओळ काढा. आणि मुलाखतीचा तुकडा फोनवर फुकट सोडू या."

"डबा त्या ओळीवरच खपणार आहे. बोनसही फुकट वाटला तर घेणार कोण?"

"मग दुसरं कुणी बघा. मी ही फाइल प्रेसला देणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. काम गेलं असं धरून मी तो तुकडा त्यांना पाठवून दिला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज जरा उतरलेला.

"माझ्या आईने तो तुकडा पाहिला. म्हणाली, धडधाकट बाईला मारता कशाला? काढा ती ओळ. आणि तुकडाही सोडा फोनवर."

डबा निघाला. भीतीच गेली, अशी तक्रार काही शौकिनांनी केली. खप बेताचाच झाला. फोनवरचा तुकडा मात्र बाजारापर्यंत पोचला.

"आता घेतात मेथी," कमलबाईंनी कळवलं. "पन फोटो काढल्याबिगर कोनी हालत नाही."

डब्यावरचा मजकूर आता मी आधी त्यातल्या माणसाला वाचून दाखवते. एका फोनचं काम असतं.