एका कार्डावरची दोघं

"घाई नाही. ती मेलेलीच आहे."

जेवायला हाक मारली की माडीवरून सरांचं हे उत्तर यायचं, आणि मग बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज. 'ती' म्हणजे आफ्रिकेतली एक गांधीलमाशी, आकाराने तिळाहून थोडी मोठी.

नांदे गावातल्या आमच्या घराच्या माडीवर चार खोल्या आहेत. तिन्हींत हिंजवडीला कामाला जाणारी मुलं राहतात. चौथीत सहा वर्षं सर राहिले. कीटकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, पत्नी वारलेली, मुलगी नागपूरला. सामान म्हणजे पलंग, सूक्ष्मदर्शक आणि लाकडी पेट्या. पेटीत टाचण्या, टाचणीवर नखाएवढं कार्ड आणि कार्डावर डिंकाने चिकटवलेली माशी. परदेशातली संग्रहालयं या माश्या त्यांच्याकडे ओळखायला पाठवत. जगात यांच्याकडे बघणारे किती, असं मी विचारलं, तर त्यांनी एका हाताची बोटं दाखवली आणि थोडा विचार करून त्यातलं एक मिटलं.

तुम्हाआम्हाला गांधीलमाशी चावते एवढंच ठाऊक. ही माशी भुंग्याची अळी हुडकते आणि तिच्यावर अंडं घालते. पिल्लू त्या अळीला खाऊनच मोठं होतं. हे ऐकून माझ्या सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजी भाडेकरूच की. फकस्त घरमालकालाच खातुया." सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

माशी ओळखायची त्यांची रीत साधी होती. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. पंख आहेत? पुढच्या प्रश्नावर जा. नाहीत? पाचव्यावर जा. आमच्या भाडेकरूंचीही त्यांनी अशीच यादी केली होती. चपला दाराबाहेर काढतो का? काढत असल्यास, जोडीने ठेवतो का? मी महिनाभर नुसत्या चपलांवरून माणूस ओळखून पाहिला, यादी एकदाही चुकली नाही.

आपण किती माश्यांना नावं दिलीत, असं मी एकदा विचारलं. "अकरा," ते म्हणाले. "त्यातली एक कुमुदची."

कुमुद म्हणजे त्यांची पत्नी. ती गेली त्या वर्षी त्यांनी एका नव्या जातीला तिचं नाव दिलं होतं. "शेवटी लॅटिन शेपूट आहे, पण कुमुदच ती," असं म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मी डोळा लावला आणि हललेच नाही. नुसत्या डोळ्याला जी काळी दिसत होती, तिच्या अंगावर कबुतराच्या मानेवर असतो तसा रंग होता. चारही पंख धड होते.

मग एका उन्हाळ्यात नवी पेटी आली आणि सर दोन दिवस जेवायला उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन वर गेले. मागोमाग सासूबाईही गुडघे धरत आल्या. सरांच्या समोर एक कार्ड होतं आणि त्यावर दोन माश्या एकमेकींना बिलगलेल्या. एक पंखवाली, अगदी कुमुदच्या नावाची होती तशी. दुसरी तांबूस, बिनपंखी, मुंगीच म्हणावी अशी.

"जोडा आहे," सर म्हणाले. "तसाच पकडलेला. कुमुदच्या नावाचे माझ्याकडे सगळे नर होते. मादी कधी मिळालीच नाही. आणि ही बिनपंखी मादी माझ्या जन्माआधीच कुणीतरी वेगळी जात म्हणून नोंदवली आहे. म्हणजे जात एकच. नियमाने जुनं नाव राहतं."

"आणि कुमुदताईंचं?"

"रद्द."

मला फार वाईट वाटलं, आणि मी नको ते बोलले. "सर, हे कार्ड अजून कुणी पाहिलंय? पेटी तशीच परत पाठवा."

ते रागावले नाहीत. "पुढचा कोणी बघेलच. मग तो लिहील की कुमुद चुकीची आहे." कार्ड पेटीत ठेवत म्हणाले, "ते मीच लिहिलेलं बरं."

सासूबाई दाराला टेकून ऐकत होत्या. "लगीन झालं की बाईचं नाव जातंया," त्या म्हणाल्या. "हितं बाप्याचं गेलं." सर हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सबंध पावसाळा त्यांनी मोजमापं घेण्यात घालवला. लेख पाठवला आणि दिवाळीला मुलीकडे गेले. तिथेच हृदयविकाराने गेले. खोली झाडताना मी पायरीवर बसून रडले. भाडेकरूसाठी कधी रडेन असं मला वाटलं नव्हतं.

वैशाखात पाकीट आलं, सरांचा लेख छापून आला होता. लेखावर पत्ता आमचाच होता. मला इंग्रजी जेमतेम येतं, तरी पानं उलटत गेले. एका पानावर जुनं नाव ठळक अक्षरांत होतं आणि त्याच्याखाली, जरा आत, बारीक अक्षरांत कुमुदचं. मी सरांच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "रद्द नाव खोडत नाहीत, काकू. खऱ्या नावाखाली लिहून ठेवतात. आणि नाव ज्यानं दिलं, त्याचं आडनाव शेजारी."

सासूबाईंना वाचता येत नाही. पान त्यांनी मांडीवर घेतलं. "कुटं हाय ती?"

मी त्यांचं बोट धरून कुमुदवर ठेवलं.

"आन सर?"

मी ते बोट थोडं उजवीकडे सरकवलं.