बाबांनी ऐकलेले दोन दोर

भूतखेत, चमत्कार... माझा कशावरच विश्वास नाही. मी नर्स. नाडी लागली तर माणूस आहे, नाही लागली तर नाही – एवढं माझं शास्त्र. तरी ही एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. आणि सांगताना माझी छाती फुगते, तेही आधीच कबूल करते.

साल १९६३. आम्ही थळचे कोळी. मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होते. माझी भाची सुमन तेव्हा पाच महिन्यांची. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, दूध पाजलं की निळी पडायची. गावात सगळे दमा म्हणत. मी हट्टाने तिला रेवसच्या लाँचने मुंबईला आणलं, सोबत माझे बाबा.

छातीचा एक्स-रे काढला. श्वासनळीला बाहेरून काहीतरी आवळतंय, एवढंच दिसलं. नेमकं काय, ते छाती उघडल्यावर कळणार होतं. पोर वाचेलच, असं कोणी म्हणेना.

घोळ मासा पाण्याखाली घुमल्यासारखा आवाज काढतो. वल्हं पाण्यात सोडून त्याच्या दांड्याला कान लावला की मासा कुठे आहे ते बाबांना कळायचं. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी सुमनला छातीशी पालथं घेतलं, तिच्या पाठीला कान टेकला आणि डोळे मिटले. सगळा स्टाफ बघत होता, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोनदा म्हटलं, पुरे आता. ते ढिम्म हलले नाहीत. मग सर्जनना म्हणाले,

“श्वासाच्या नलीला दोन दोरांचा वेढा हाय. पुढचा बारीक, मागचा जाड. बारीक त्यो कापा.”

सर्जन हसले नाहीत, सरळ ऑपरेशनला गेले.

तीन तासांनी ते बाहेर आले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच दुभंगलेली, मध्ये श्वासनळी आवळलेली. पुढची फांदी बारीक, मागची जाड. बारीक कापली तशी शिट्टी थांबली... सुमन वाचली!

माझ्या अडाणी बापापुढे ते मोठे सर्जन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?”

पुढे तीस वर्षं मी कितीतरी लेकरांच्या पाठीला गुपचूप कान लावला. श्वास ऐकू येतो, ठोके येतात. दोर कधी आले नाहीत. पुस्तकात उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. बाबांनी त्या दिवशी दिलं तेवढंच आहे –

“दर्या चिरून बघता येत न्हाय, डाक्टर. म्हनून आयकाया शिकलो.”