जनीबाई बसल्या की चित्र जातं

धर्मराज बुवापाड्यात माझ्या शेजारी राहतो. अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आम्ही होतो, मी फिटर, तो वायरमन. कारखाना बंद पडल्यावर मी घरी बसलो. तो लोकांच्या छपरांवर चढून टीव्हीच्या छत्र्या बसवू लागला. साठी उलटली तरी चढतो. दोष सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही, ही त्याची पद्धत. गिऱ्हाईक कंटाळतं, दुसऱ्याला बोलावतं. तरी हा मीटर लावून बसलेलाच असतो.

मागच्या जानेवारीत कुळगावहून शशिकांतसाहेबांचा फोन आला. आमच्याच कारखान्यातले अधिकारी. त्यांनी जुनी सतरा सीटची गाडी घेऊन उल्हासनगरात तिचं फिरतं घर करून घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, बसायला लांबलचक सेटी, भिंतीवर टीव्ही, टपावर छत्री. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नवराबायको दोन महिन्यांसाठी निघणार होते. पण टीव्ही मध्येच बंद पडत होता आणि मालिनीवहिनींनी सांगून टाकलं होतं, "टीव्ही नाही तर मी नाही. दोन महिने तुमच्याच तोंडाकडे बघत बसू का?"

शिडी धरायला माणूस लागतो म्हणून मी गेलो.

पोचलो तेव्हा चित्र स्वच्छ होतं.

"असाच फसवतो हा," साहेब म्हणाले. "तुम्ही गेलात की बंद पडेल. नवा बॉक्स आणू का? बदलून बघू."

"बदलून बघणं म्हणजे दोष शोधणं नाही, साहेब," धर्मराज म्हणाला आणि टपावर चढला. छत्रीची दिशा बरोबर. नट आवळलेले. वायरीची दोन्ही टोकं सोडून पाहिली, चांगली होती. यात सकाळ गेली.

कुळगावात नवी वस्तू आली की गल्ली बघायला येते, आणि बसून बघते. दिवसभर माणसं आत येत होती, सेटीवर टेकत होती, पेढा खात होती, "मोरी कुठेय?" विचारत होती. काही बसले की चित्र जायचं, काही बसले तरी राहायचं. साहेबांनी सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. फरक पडला नाही. धर्मराज नुसता बघत होता.

तीनच्या सुमारास बदलापूर गावातल्या जनीबाई आल्या. वीस वर्षं वहिनींना भाजी देतात. अंगाने भरभक्कम. टोपली दारात ठेवून त्या बसल्या आणि चित्र गेलं.

"जनीबाई, जरा उठा," धर्मराज म्हणाला.

चित्र आलं.

"बसा."

गेलं.

"उठा."

"काय रं, मी कवायत कराय आलेय का?"

"रागावू नका. तुम्ही बसलात की टीव्ही जातो."

"माझा म्हातारा पन हेच बोलायचा. मी बसले की त्याची करमनूक गेली!"

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. साहेब पुढे झाले. "मी बसलो तर जात नाही, बघा."

"तुमचं वजन पुरत नाही, साहेब."

धर्मराजने सेटीवर खडूने वीत-वीत अंतरावर रेघा मारल्या आणि जनीबाईंना एका टोकाला बसवलं. मग एकेक वीत सरकवलं. "डावीकडे. अजून. थांबा." पाचव्या रेघेवर चित्र गेलं.

"सापडलं!" साहेब म्हणाले. "इथे उशी ठेवू, कोणी बसायचं नाही. झालं काम."

"जागा सापडली. दोष अजून दिसला नाही."

त्याने रेक्झिन सोडवलं, फोम उचलला. आतलं काम सोफे बनवणाऱ्या कारागिराचं होतं. त्याने दिवाणखान्यात बसवतात तशी सेटी बनवली, छत्रीची वायर फोमखालून नेली आणि वरून पिना ठोकल्या. एक पीन वायरीतच घुसली होती. भार पडला की ती दाबली जाऊन आतली तांब्याची तार बाहेरच्या जाळीला टेकवायची आणि चित्र जायचं. धर्मराजने पीन पकडीने उपटून साहेबांच्या हातावर ठेवली.

"आता टेप मारा आणि बंद करा," साहेब घड्याळ बघत म्हणाले. पाच वाजले होते.

"घर जागेवर असतं, साहेब. गाडी हादरणार. टेप टिकायची नाही."

त्याने जुनी वायर काढून टाकली. नवी पाइपात घातली, सेटीच्या मागून कडेने नेली, वीतभर अंतरावर क्लिपा मारल्या. एक क्लिप तिरकी लागली. ती कोणाला दिसणार नव्हती. त्याने काढून पुन्हा मारली. फोम, रेक्झिन जागेवर बसवायला मी हात लावला. साडेसहा झाले.

जनीबाई गेल्या नव्हत्या. "माझ्यावर आळ घेतलाव, आता सोडवा," म्हणत त्या पाचव्या रेघेवर दणकन बसल्या. चित्र हललं नाही. धर्मराजने वहिनींनाही शेजारी बसवलं. "दोघी जरा उसळा." दोघी उसळल्या. चित्र तसंच.

"अजून अर्धा तास चालू ठेवून बघू," धर्मराज म्हणाला.

साहेब दारात एका पायावर उभे होते. वहिनींनी अर्धा तास सगळं पाहिलं, जाहिरातीसुद्धा. साहेबांकडे एकदाही नाही. मग उठल्या.

"दूधवाल्याला दोन महिने नको म्हणून सांगायला हवं," त्या म्हणाल्या.

साहेब पायरीवरच बसले.

"आन ही मेथी?" टोपलीतली जुडी उचलत जनीबाईंनी विचारलं. "घरात ठेवू की नको?"

"गाडीत ठेव. उद्या वाटेत करीन."