हिमसेल्फ काय म्हणाले

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. फार्मा प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. थर्मामीटर लावल्याशिवाय मी ताप आलाय हेसुद्धा मानत नाही. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा... पण लिहितेच.

आम्ही डब्लिनला, ब्लँचर्डस्टाउनमध्ये राहायचो. माझा नवरा समीर मार्चमध्ये गेला — हार्ट अटॅक. नोव्हेंबरात त्याच्या चेरीवूडच्या ऑफिसातून फोन आला: आम्ही जागा बदलतोय, त्याच्या वस्तू घेऊन जा. माझ्याकडे फक्त लर्नर परमिट. इथे लर्नरने एकट्याने गाडी चालवायची नाही. शेजारी फुल लायसन्सवालं कुणीतरी हवंच. पकडलं तर गाडी जप्त. आधी समीर बसायचा. आता कुणाला म्हणू, चल, माझ्या नवऱ्याचा कॉफीचा मग आणायचाय? निघाले एकटीच, त्याच्याच गाडीतून.

मोटरवेवर लर्नरला बंदी, म्हणून आतल्या रस्त्यांनी. परत येताना, दुपारी तीनच्या सुमारास, एका वळणापुढे चेकपॉइंट! गार्डा — म्हणजे इथले पोलीस — हात दाखवत होते. मागे वळायला जागा नाही. गेली आता, समीरची गाडीही गेली.

पन्नाशीचा गार्डा. माझं परमिट पाहिलं, मग वाकून शेजारच्या सीटकडे बघितलं.

"आणि हिमसेल्फकडे फुल लायसन्स आहे ना?"

इथे नवऱ्याला असंच म्हणतात, आपल्याकडच्या 'आमचे हे' सारखं. मी वळून बघितलं, शेजारी कुणीच नाही. तो मात्र त्या रिकाम्या सीटकडे बघत, मान डोलावत ऐकत होता... आणि हसला.

"तो म्हणतोय, तू क्लचवरचा पाय काढतच नाहीस. ग्रँड, सगळं ठीक, निघा. सांभाळून जा दोघं."

अहो, हीच कटकट! दोन वर्षं हेच ऐकलंय मी समीरकडून.

पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. सीटवर हात फिरवला. गार होती. खोटं कशाला सांगू, भीती नाही वाटली, राग आला. ओरडलेच, "आठ महिने मी घरात एकटी भिंतींशी बोलतेय, आणि तू त्या पोलिसाशी बोलतोस होय रे?" मग ढसाढसा रडले.

गार्डाने थट्टा केली? गाडीच्या आवाजावरून क्लच ओळखला? मग एकट्या लर्नरला सोडलं कशाला?

माझ्या प्लांटमधली मैत्रीण म्हणते, टेस्ट देऊन टाक, मग फिर बिनधास्त. तारीख दोनदा मिळाली, दोनदा मीच रद्द केली. पास झाले की शेजारी कुणी बसायची गरज उरणार नाही.