‘मराठीप्रेमी’ या नावानं

नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. पाच वर्षं झाली. आज तुमच्याशी बोलतेय, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही. हे ओझं वागवून थकले, एवढंच असेल.

मी कळंबच्या एका शाळेत मराठी शिकवते. वंदना त्याच शाळेच्या ग्रंथालयात आहे. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र डबा खातो — आजही खातो. तिच्या घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच. माझ्या घरी आजोबांपासून सगळे ऑफिसात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हेही होतं. नव्हतं असं कसं म्हणू?

वंदनाला चिनी कादंबऱ्यांचं वेड. मोबाइलवर रोज एक भाग येतो, तशा शेकडो भागांच्या. डोंगरावरचे मठ, हजार वर्षं जगणारे साधक, जन्मोजन्मीचं प्रेम. त्यातली एक इंग्रजीतून वाचता वाचता तिनं मराठीत लिहायला घेतली आणि वाचनाच्या एका ॲपवर रोज एक भाग टाकू लागली. मठाच्या स्वयंपाकघरात राबणारी अनाथ मुलगी हळूहळू मोठी विद्या शिकते, आणि मठाचा थंड काळजाचा गुरू तिच्यात गुंतत जातो — अशी गोष्ट. गुरू पुस्तकी मराठीत बोलायचा. मुलगी मात्र आपल्या वऱ्हाडीत. गुरू तिला डोंगर उतरून जा म्हणतो, तेव्हा ती म्हणते, "मले काहून हाकलता? तुमची चूल कोण पेटवते मंग?"

त्या एका वाक्याखाली प्रतिक्रियांची रांग लागली. महागावच्या कुणीतरी लिहिलं, चीनमधली पोरगी आमच्या गल्लीतली वाटून राह्यली. बोरी अरबच्या एका बाईनं लिहिलं, आईला आता दिसत नाही, मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवते, भाग चुकवू नका. वंदना हे सगळं मला डबा खाताना वाचून दाखवायची. पोळी हातातच राहायची तिच्या.

त्याच ॲपवर माझ्या कविताही होत्या. वीस वर्षांत लिहिलेल्या, वृत्तात बांधलेल्या. ते ॲप तिनंच मला दाखवलं होतं. माझ्या कवितांखाली एकच प्रतिक्रिया असायची — तिची.

आता पुढे टाळता येत नाही. मी दुसऱ्या नावानं खातं उघडलं. ‘मराठीप्रेमी’. आधी नुसत्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग लिहिलं, नायिकेच्या तोंडची ही गावंढळ भाषा वाचवत नाही. मग — इथं जीभ अडते — मग लिहिलं, ज्यांच्या घरात कधी पुस्तक नव्हतं त्यांनी भाषांतराच्या भानगडीत पडू नये. कुणाला कुठं लागतं हे ठाऊक असल्याशिवाय असं वाक्य सुचतं का? तिनंच मला सांगितलं होतं, त्यांच्या घरात आलेलं पहिलं पुस्तक तिला शाळेत मिळालेल्या बक्षिसाचं होतं.

आणि तिचा प्रत्येक भाग सगळ्यात आधी मीच वाचायचे. गोष्ट मला आवडत होती. तुम्हाला पटतंय का हे?

वंदनानं डबा खाताना प्रतिक्रिया वाचून दाखवणं थांबवलं. मग मुलीची भाषा बदलली. तीही गुरूसारखीच बोलू लागली — स्वच्छ, शुद्ध, निर्जीव. वाचक विचारू लागले, आमची पोरगी कुठं गेली? एका दुपारी डबा न उघडताच वंदना म्हणाली, "ताई, तुम्ही मराठीच्या. खरं सांगा, इतकं खराब लिहून राह्यली का मी?"

तिथं थांबता आलं असतं. एक ‘नाही’ पुरला असता. मी भाजीकडे बघत म्हणाले, "त्या माणसाचं अगदीच चूक नाही, वंदना."

त्यानंतर तिनं एकही भाग टाकला नाही. गोष्टीतला गुरू तेव्हा आजारी होता आणि हाकलून दिलेली मुलगी परत येऊन मठाच्या दारात उभी होती. बोरी अरबची बाई विचारत राहिली — आई विचारते, पोरगी आत गेली का परत फिरली? आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. मग तिनंही विचारणं सोडलं. का सोडलं असेल? मी अंदाज करत नाही. मला तो करायचा नाही.

‘मराठीप्रेमी’चं खातं मी पुसून टाकलं. प्रतिक्रिया तशाच राहिल्या. खाली नाव नाही, शब्द आहेत.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात आम्ही दोघीच होतो. नवी पुस्तकं आली होती, वंदना त्यांच्यावर क्रमांक चिकटवत होती. मी विचारलं, पुन्हा लिहीत का नाहीस? आवाज जमेल तितका सहज ठेवला. तिनं मान वर केली नाही.

"बरंच केलं त्या माणसानं, ताई. मले माही जागा समजली."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. दुसरं कुणी तिथं नव्हतं, तास सुटायला वेळ होता, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी पुढचं पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं.

आता फलकावर लावायची साधी सूचनाही ती आधी माझ्याकडे आणते. दोन ओळींची. शुद्ध आहे का बघा, म्हणते. मी लाल पेन घेते आणि बघते.