ओ येईपर्यंत थांबणे

मंगळवार, सकाळी अकरा. हिर्डोशीच्या वरच्या अंगाची एक वाडी, भागाबाईंची ओसरी. हजर: मी (कॉम्प्युटरचा आवाज तयार करणारी इंजिनिअर), तलाठी भाऊसाहेब, भागाबाई (यांचं घर डोंगराच्या अगदी पोटाशी) आणि खालच्या अंगाला राहणारे त्यांचे दीर सीतारामतात्या. पुण्याहून फोनवर माझे साहेब.

काम असं: दरडीचा धोका दिसला की वाडीतल्या प्रत्येक मोबाईलवर कॉल जायचा. घर सोडा, शाळेत या. गेल्या पावसाळ्यात कॉल गेला, पण एकही माणूस उठला नाही. दरड भातखाचरात येऊन थांबली, एवढंच नशीब.

तेव्हाचा आमचा आवाज सपाट होता, वेळापत्रक वाचल्यासारखा. म्हणून मी पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, चढवली. वेग वाढवला. मधे धापा घातल्या. ऑफिसात ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता.

तो आवाज भागाबाईंना ऐकवला. अर्ध्यातच त्यांनी फोन खाली ठेवला.

"काय झालं?"

"बाई लई घाबरलीया. घाबरलेल्याच्या मागं कोण जातंय?"

तात्या म्हणाले, "मला वाटलं, शिमकार्ड बंद पडतंय म्हणून वरडतीया."

साहेब फोनवरून म्हणाले, "इमोशन अजून वाढवून बघा."

"साहेब, त्यांनी फोनच ठेवलाय."

मी भागाबाईंना विचारलं, "समोरच्या घरी निरोप द्यायचा तर तुम्ही कसा देता?"

त्या अंगणात गेल्या. "सखूऽऽ" अशी हाळी दिली आणि गप्प उभ्या राहिल्या. मी काही बोलणार, तर त्यांनी हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं समोरच्या उतारावरून "ओऽऽ" आली. मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "वासरू सुटलंय तुझं. खाली ये."

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ओ आल्याबिगर सांगायचं न्हाई. वाऱ्याला सांगून काय उपेग?"

आमचा आवाज फोन उचलताच बोलत सुटायचा. मी तिथेच लॅपटॉप उघडला. आधी नाव, मग थांबणं. पलीकडून ओ ऐकू आली तरच निरोप. धापा काढल्या, पट्टी उतरवली, वेग निम्मा केला.

जेवणं झाल्यावर पुन्हा कॉल लावला. "भागाबाई," आवाज म्हणाला आणि थांबला.

"ओ."

"दरड येतेय. घर सोडा. शाळेत या."

त्या उठल्या आणि शेळीचं दावं सोडायला लागल्या.

"वैनी, खोटा हाय त्यो फोन," तात्या म्हणाले.

"ठावं हाय मला." हात मात्र गाठीवरच होता.

भावना म्हणजे पट्टी आणि वेग, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. समोरचा ऐकतोय का हे आधी विचारायचं असतं, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. आता पहिला आहे.

निघताना भाऊसाहेबांनी विचारलं, "आणि ओ आलीच नाही तर?"

"मग कुणीतरी चालत जायाचं," तात्या म्हणाले. "आनखी काय?"

ते सॉफ्टवेअरला जमणारं नव्हतं. मी वहीत यादी केली: घर, आणि त्यापुढे तिथे चालत जाणाऱ्याचं नाव. वाडीतली नावं भराभर मिळाली. भागाबाईंच्या घरी जायचं तर दरडीच्या तोंडातूनच वाट आहे. तात्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून भागाबाई म्हणाल्या, "त्यास्नी लिवू नका."

त्या घरापुढे अजून कुणाचंही नाव लिहिलेलं नाही.